रंगाखालची चुणी

मी एक जुनी मोटारसायकल आहे. लहानशी, शंभर सीसीची, गोल दिव्याची. माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ऐकताना तुमचं तोंड वाकडं व्हायला नको.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी अशी नव्हते. माझा पहिला मालक घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपून आणायचा. दिवसभर मला दर दहा पावलांवर थांबवायचा आणि पुन्हा चालू करायचा. या कामात दुसरी एखादी गाडी वर्षभरात खिळखिळी झाली असती. मी अकरा वर्षं टिकले, कारण तो माणूस वेळेवर तेल बदलायचा, चेन साफ करायचा आणि एखादा नवा आवाज आला तर रस्त्याच्या कडेला थांबून कान द्यायचा. लोक म्हणायचे, "काय गाडी ठेवलीय हो!" तो नुसता मान हलवायचा. माणसं अशीच असतात असं मला वाटलं. माझी चूक एवढीच, दुसरं काही नाही.

त्याची नजर अधू झाली आणि त्याने मला आपल्या पुतण्याला देऊन टाकलं.

पुतण्याने पहिल्याच दिवशी माझ्या टाकीवर वाघाचं स्टिकर चिकटवलं. वाघाला खायला लागत नाही, म्हणून तो बरा होता. मला तेल लागतं, हे मात्र त्या महाशयांना दीड वर्षात एकदाही आठवलं नाही. माझा आवाज मोठा व्हावा म्हणून त्याने सायलेन्सरला भोकं पाडली. मग एका दुपारी फोनमध्ये बघत बघत त्याने मला दिव्याच्या खांबावर नेऊन आदळलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. तो उठला आणि सगळ्यात आधी फोनची काच फुटली का ते बघितलं. मी आडवी पडले होते, पेट्रोल गळत होतं, आणि पुढचं चाक ज्या दोन नळ्यांमध्ये बसतं त्या नळ्या, म्हणजे माझा फोर्क, वाकला होता.

कोणीतरी तो फोर्क ठोकून सरळ केला. सरळ म्हणजे लांबून सरळ. उजव्या नळीला आतून तडा गेला होता. तो तडा घेऊन मी जुन्या गाड्यांच्या दुकानात आले.

तिथला दुकानदार कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि प्रत्येक गाडीला "आपल्या घरची" म्हणायचा. त्याने माझं मीटर मागे फिरवलं. इंजिनाची खडखड दबावी म्हणून आत घट्ट तेल ओतलं. त्याच्याकडे एक पॉलिशवाला कामाला होता. फोर्कवर हात फिरवून तो म्हणाला, "मालक, इथे चुणी आलीय. ठोकलेला आहे हा."

"मग रंग कशाला आणलाय?" दुकानदार म्हणाला.

पॉलिशवाल्याने रंग मारला. नळीवर चांदीसारखा, टाकीवर निळा. मी दुकानाच्या दारात उभी राहिले, नव्या नवरीसारखी नटलेली, आणि आतून मोडलेली.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. अहाहा, काय एकेक रत्नं! एकाने माझ्या आरशात केस विंचरले आणि निघून गेला. एकाने टायरला लाथ मारली. ती लाथ मारून त्याला काय कळलं, ते अजून कोणालाच कळलेलं नाही. एका जोडप्याने माझ्याजवळ उभं राहून फोटो काढले आणि फोटोत आपण जाड दिसतो यावरून भांडण केलं. माझ्याखाली वाकून बघावं, ब्रेक दाबून बघावा, असं एकाच्याही मनात आलं नाही. दुकानदार रोज दुकान उघडलं की मला अर्धा तास चालू ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकासमोर एका किकमध्ये इंजिन सुरू व्हावं. लोक म्हणायचे, "वा!" मला त्या वा-वाची शिसारी यायची.

एके दिवशी सकाळी शटर वर जातंय तोच एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. त्या शिवणकाम करायच्या. टेकडीवरच्या हॉस्पिटलचे पडदे, चादरी आणि डॉक्टरांचे अंगरखे त्यांच्याकडे शिवायला असायचे. वर जाणारी जीप बंद झाली होती, आणि गठ्ठा घेऊन चढ चालत जाणं जमेना. काम हातचं जायची वेळ आली होती. रस्ता दगडांचा, त्यावर लहान चाकांची स्कूटर टिकणार नाही, म्हणून त्यांना हलकी मोटारसायकल हवी होती. त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. सोबत त्यांचे दीर होते.

"वहिनी, गाडीतलं सगळं माझ्यावर सोडा," दीर म्हणाले. "नुसता आवाज ऐकून गाडीची नाडी ओळखतो मी."

त्यांनी टायरला लाथ मारली. मी मनात म्हटलं, आला आणखी एक. मग त्यांनी हॉर्न वाजवला. "बघा, काय खणखणीत! घेऊन टाका."

"तुम्ही दहाला येणार होतात ना?" दुकानदार जरा गडबडला.

"लवकर आवरलं," बाई म्हणाल्या. "चालू करून दाखवता?"

मी थंडगार होते. त्याने आठ किका मारल्या. नवव्या किकला मी खोकत, निळा धूर सोडत सुरू झाले.

"थंड आहे, म्हणून," तो घाम पुसत म्हणाला.

"मी रोज सकाळी थंडच चालू करणार आहे," बाई म्हणाल्या.

मी कान टवकारले. बाई माझ्यावर बसल्या. दोन्ही तळवे जमिनीला नीट टेकतात का ते बघितलं. टेकत होते. मग त्या उतरल्या, माझ्यासमोर चार पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि एक डोळा मिटला.

"हँडल सरळ केलं की चाक डावीकडे जातंय," त्या म्हणाल्या. "चाक सरळ केलं की हँडल वाकडं होतंय."

"नजरेचा भास आहे, वहिनी," दीर म्हणाले.

बाई खाली बसल्या आणि फोर्कच्या नळीवरून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवत आणला. चुणीपाशी अंगठा थांबला. कितीतरी महिन्यांनी कोणाचा तरी हात माझ्या दुखऱ्या जागेवर पडला होता.

"कापडाची चुणी इस्त्रीने लपते," त्या म्हणाल्या, "पण बोटाला लागते. ही नळी ठोकलेली आहे."

दुकानदार हसला. "बाई, तुम्ही शिवणकाम करा. गाडीतलं तुम्हाला काय कळतंय?"

"गाडीतलं नाही कळत. वाकडं कळतं."

त्या पर्स उचलून निघाल्याच होत्या. तेवढ्यात कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आत आले. मुलगी वीस-एकवीस वर्षांची. नुकतीच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती, शिकाऊ लायसन्स हातातच होतं.

"या, या!" दुकानदार धावला. "ताईंसाठीच ठेवलीय. शिकायला यासारखी गाडी नाही. आपल्या घरची समजा."

"छान चकाकतेय," बाप म्हणाला. तेवढं बघून त्याचं समाधान झालं. त्याने लेकीला विचारलं, "निळी चालेल ना?" जणू पडद्याचं कापड घ्यायला आला होता. खरे पडदे शिवणारी बाई तर नळ्या तपासून निघाली होती!

दुकानदाराने किल्ली मुलीच्या हातात दिली. एखादा खड्डा पुरे होता. नळी तुटली असती, पोर तोंडावर आपटली असती, आणि सगळे म्हणाले असते, गाडीच पनवती.

"चला वहिनी, आपल्याला काय करायचंय?" दीर कुजबुजले.

बाई दारातून परत फिरल्या. "हिला बसवू नका. पुढची नळी मोडायला आलीय."

बापाने त्यांना वरून खाली न्याहाळलं. "तुम्ही मेकॅनिक आहात का?"

"नाही."

"मग?"

दुकानदार मोठ्याने हसला. बापही हसला. इस्त्रीचा शर्ट इस्त्रीच्या शर्टावर विश्वास ठेवतो, हे मी दुकानात राहून शिकले आहे. पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

"गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "तुम्ही स्वतः जरा वेगात त्यावरून जाऊन या. मग बसू दे तिला."

दुकानदाराचं हसू तोंडातच राहिलं. "मी? माझी कंबर धरलीय कालपासून."

"मग तुमच्या माणसाला सांगा."

सगळ्यांनी पॉलिशवाल्याकडे बघितलं. तो कोपऱ्यात एका स्कूटरची टाकी घासत होता. त्याने फडकं खाली ठेवलं, मालकाकडे बघितलं आणि म्हणाला, "मी नाही बसणार तिच्यावर. रंग मीच मारलाय."

मुलीने किल्ली काउंटरवर ठेवली. "चला, बाबा." बापाचा चेहरा उतरला होता, पण बाईंना दोन शब्द बोलायला त्याची जीभ वळली नाही. मुलगी मात्र थांबली. "मावशी, तुमचा नंबर देता?"

दुसरी गाडी बघायला ती मुलगी गेली, तेव्हा बापाला नाही, या बाईंना घेऊन गेली.

आणि माझं काय झालं? पाय टेकतील अशी हलकी गाडी दुसरीकडे मिळेना, म्हणून तीन दिवसांनी बाई एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याला घेऊन परत आल्या. त्याने तासभर माझी तपासणी केली. "इंजिन थोडा धूर सोडतं, पण अजून दणकट आहे. कोणीतरी जपलंय हिला. फोर्क बदला, घट्ट तेल काढा, मग घ्या." गल्लीभर बोभाटा झालेला, दुकानदाराला मी नकोशी झाले होते. त्याने मुकाट्याने नवा फोर्क बसवून दिला. बाईंनी जुन्या नळीचे आपल्यासमोर करवतीने दोन तुकडे करायला लावले.

"कापायची कशाला?" तो कुरकुरला.

"नाहीतर उद्या दुसऱ्या गाडीला लावाल."

पॉलिशवाल्यानेच कापली. मान खाली घालून, पण अगदी मनापासून.

मग मोकळ्या मैदानावर शिकणं सुरू झालं. बाई पहिल्या दिवशी चौदा वेळा बंद पडल्या, म्हणजे मी बंद पडले आणि त्या लाजल्या. बघे जमले. दीर कडेला उभे राहून ओरडत होते, "क्लच, वहिनी, क्लच!" शेवटी बाई उतरल्या आणि मला चालूच ठेवून हँडल त्यांच्यापुढे केलं. "भाऊजी, जरा करून दाखवा." तेव्हा कळलं की गाडीची नाडी ओळखणाऱ्या भाऊजींना गिअरची गाडी येतच नव्हती! मला एवढं हसू आलं की मी पंधराव्यांदा बंद पडले.

महिन्याभराने आम्ही पहिल्यांदा टेकडी चढलो. मागे चादरींचा गठ्ठा, खाली दगड. एका वळणावर बाई घाबरल्या, थांबल्या, दोन्ही पाय टेकवून श्वास घेतला आणि पुन्हा निघाल्या. हॉस्पिटलच्या दारात उतरल्यावर त्यांनी मला थोपटलं नाही, कौतुकाचा शब्दही काढला नाही. माझ्याखाली वाकून तेल गळतंय का तेवढं बघितलं आणि गठ्ठा उचलून आत गेल्या. मला तेवढं पुरे झालं.

तर मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. तरी एक मागणं मागते. शिकण्यासाठी जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा तिला थंड असताना चालू करायला लावा, समोर उभं राहून तिची चाकं बघा, खाली बसून हात काळे करा. ती घरी आली की तिच्या तेलापाण्याची काळजी घ्या. एवढं वाकणं जमत नसेल तर खुशाल पायी चाला. आमच्यावर फार उपकार होतील.