हवालदाराच्या दोराची वर्दी

दोर तुटला तवा अंजना हसत हुती. हसत हसतच ओढ्याच्या दगडांवर पडली, आन मग जी किंकाळी फुटली, ती तिची सासू रंगूबाई जलमभर इसरायची न्हाई.

पाय गुडघ्याखाली मोडलेला. मानसिंग हवालदारानं तिला उचलून बैलगाडीत घातली आन दिरासंगं कोरेगावच्या दवाखान्यात धाडली. रंगूबाई घरनं चार धडुती पिशवीत भरून एस्टी गाठायला निघाली. भर जत्रंतनं वाट काढताना बगती तर काय? तोच दोर! मधी गाठ मारून पुन्यांदा ताणलेला! आन टेकावर पोरासोरांची ही रांग!

धंदा मानसिंगाचाच हुता. बांगलादेशच्या लढाईतनं छातीला पदक लावून आलेला गडी. गावात इजेच्या मोटारी आल्या, विहिरींवरच्या मोटा अडगळीत गेल्या. ह्यानं त्यातलंच एक चाक आन मोट वडायचा जुना दोर, नाडा, उचलला. टेकावरच्या वडापासनं ओढ्यापल्याडच्या रानापतूर नाडा बांधला, चाकाला दांडकं टांगलं आन पाटी लावली, 'फौजी झोका'. चाराणे द्या, दांडकं धरा, ओढ्यावरनं भुर्रकन पल्याड.

रंगूबाईच्या डोसक्यात जाळ झाला. तशीच जत्रंच्या मांडवात पोलीस पाटलाम्होरं जाऊन हुबी ऱ्हायली.

"पाटील, दोर तुटून माजी सून पडली. कोरेगावच्या ठाण्यात वर्दी धाडा. आन त्यो झोका आत्ता बंद करा."

नाथाजी पाटलानं पान गालात सारलं. "काकी, दोर कुठला? बांधावरनं पाय घसरला तिचा. मानसिंगानंच सांगितलं."

"आन गाठ मारलेला दोर दिसंना व्हय तुमास्नी?"

बाजूला पाटलाचा सोबती कृष्णात तक्क्याला टेकला हुता. त्यो म्हणाला, "मी म्हणतो, बायामाणसानं दोराला लोंबकळावंच कशाला?" चारचौघं खिदळली.

"तुजी म्हस लोंबकळून पडली असती, तर मुंबईपतूर बोंबलत गेला असतास, मुडद्या!"

"काकी, दमानं," पाटील म्हणाला. "फौजी माणूस हाय. गावाचं नाव हाय त्याच्यावर. आन वर्दी द्यायला हितं मेलंय कोण?"

"म्हंजे मेल्याबिगर वर्दी न्हाई?"

"आता कसं बोललासा."

रंगूबाई मांडवातनं भाईर आली. खरं सांगून कुणी हललं न्हाई, मग तिनं दुसरी वाट धरली.

धोंडुबाई कासारणीच्या पालापाशी ती टेकली. "कळलं का गं? फौजी झोक्यावरनं तिघं पडली. एकाचं मुंडासं तेवढं घावलंय, माणूस घावंना."

"अगं बाई!" धोंडुबाईच्या हातातनं बांगडी निसटली.

बर्फाच्या गोळेवाल्यापाशी तिघांची सात झाली. त्यात एक नवरदेव, बाशिंगासकट. शेवचिवड्याच्या दुकानाम्होरं एक जाडजूड वाणी दोरावरनं सुटला, त्यो थेट आगगाडीच्या टपावर पडला, आन गाडी त्याला घिऊन मिरजंला गेली बी. बिनतिकीट! ऐकणारी माणसं कपाळाला हात लावत हुती आन म्होरच्या दुकानात जाऊन त्यात आपली भर घालत हुती. अंजनाचं नाव मातुर रंगूबाईनं ह्यातल्या एकाबी खोट्यात येऊ दिलं न्हाई.

कुस्त्यांच्या फडापाशी बंदोबस्ताचा फौजदार खुर्ची टाकून बसला हुता. त्याच्या पाठीमागं हुबं ऱ्हाऊन रंगूबाई शेजारणीला म्हणाली, सगळ्या फडाला ऐकू जाईल आसं म्हणाली, "आन मानसिंग गं? दोर तुटला तसा जी धूम ठोकली त्यानं! उसात लपून बसलाय. लढाईत बी आसंच केलं आसंल. पदक काय, वाटंत घावलं आसंल!"

हे मानसिंगाच्या कानावर जायला किती वेळ लागतोय? बाण सुटावा तसा टेकावरनं आला. डोळं लाल, मिशा फुरफुरत्यात.

"कोण म्हणतंय मी पळालो?"

"समदी जत्रा म्हणतीया," रंगूबाई म्हणाली. "सात मेली, आन हवालदार उसात."

"झूट! एकबी मेलं न्हाई! एकच पडली, तुजी सून! आन मी पळालो न्हाई, काकी, मी टेकावरनं उडी मारून ओढ्यात उतरलो! ह्या हातांनी दोराखालनं उचलली तिला!"

"कशाखालनं?"

"दोराखालनं! तुटल्याला दोर तिच्या अंगावर…"

मानसिंगाचं तोंड तसंच उघडं ऱ्हायलं. मागनं पळत आलेला नाथाजी पाटील जाग्यावरच थांबला.

फौजदार सावकाश खुर्चीतनं उठला. "पाटील, बांधावरून एक बाई घसरली, असं तुम्हीच सांगितलंत ना मघाशी?"

पाटलानं पान गिळलं.

"दोर जुना हाय हे तुला ठावं हुतं का न्हाई?" रंगूबाईनं इचारलं. आवाज चढवला न्हाई, पर मानसिंग मागं सरला. "लढाईत आसला दोर दिला आसता तुला, तर धरला आसतास? माजा ल्योक बी फौजेत हाय. त्याला आता काय कळवू मी? बायकू घसरली म्हणून?"

मानसिंगानं टोपी काढली. "सकाळीच एक पीळ सुटलेला दिसला हुता," त्यो म्हणाला. "वाटलं, जत्रंचा दिस निभंल."

फौजदारानं शिपायाला वर्दी लिवायला बसवलं आन दुसऱ्याला टेकावर पिटाळलं. पर रंगूबाईचं समाधान कुठलं?

"कागुद तुमी बगा. ह्यानं उद्या दवाखान्यात यायचं, आन दहा माणसांम्होरं अंजनाला सांगायचं, तू घसरली न्हाईस म्हणून." मानसिंगानं मान डोलावली. "आत्ता दोर सोड. तुज्या हातानं."

टेकापतूर जाऊन दोर खाली पडलेला बगितला, तवाच ती एस्टीकडं वळली.

एस्टीत बसायला जागा मिळाली. शेजारी फेटेवाला गडी, अंगाला गुलाल. गाडी सुटायच्या आदीच त्याचं तोंड सुटलं. "म्हातारे, ऐकलंस का? जत्रंत अकरा माणसं मेली. एक वाणी मिरजंला जाऊन पडला. समदं त्या एका नटव्या बाईपायी. दोरावर नाचत हुती म्हणं."

"एकच पडली," रंगूबाई म्हणाली. "दोर सडका हुता म्हणून पडली."

गडी हसला. "तुला काय ठावं? तू हुतीस का तितं?"

रंगूबाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आन त्याच्याकडं तोंड वळवलं. कोरेगाव यायला अजून लय रस्ता हुता.