गादीतली पाकिटं

आमच्या खोलीत एक टेबल आणि चार खुर्च्या. दवाखान्याचा वरचा मजला, एक्स-रेच्या शेजारी. मी कर्जाचं बघते, माझी जोडीदारीण मनाचं. पूर्वी आम्ही वेगवेगळ्या मजल्यांवर बसायचो आणि माणसं जिन्यात गळायची. माझ्याकडून रडत निघालेला माणूस तिच्याकडे पोचेपर्यंत डोळे पुसून थेट घरी. म्हणून आता एकच टेबल. नोंदणीवरची मुलगी आम्हाला पैशाच्या बाई आणि मनाच्या बाई म्हणते. दोघींपैकी कोणालाच ते आवडत नाही, पण पटतं.

खोलीचा नियम एकच. बंद पाकीट आम्ही उघडायचं नाही. ज्याचं त्यानेच, आमच्यासमोर.

सोफावाला आला तो सोमवार होता. सोफे दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, अंगठ्याला सुईने घट्टे पडलेले. हृदय ठणठणीत, तरी धडधडतं, म्हणून खालच्या डॉक्टरांनी वर पाठवलेला.

"कधी धडधडतं?" मनाच्या बाईंनी विचारलं.

"पोस्टमन आला की."

एका सभागृहाच्या तीनशे खुर्च्या नव्याने शिवायचं काम मिळालं, त्या भरवशावर त्याने शिलाईचं मोठं मशीन कर्जाने घेतलं. काम रद्द झालं, मशीन राहिलं. हप्ते थकले आणि पत्रं सुरू झाली.

"पत्रं आणलीत?" मी पेन काढलं.

"नाही."

"कुठे आहेत?"

"सोफ्यात."

"सोफ्यावर?"

"आत, मॅडम. गादीत. उघडायची हिंमत होत नव्हती आणि फेकायची तर त्याहून नव्हती. मग घरच्या सोफ्याची शिवण चार बोटं उसवायची, पाकीट आत सरकवायचं, परत टाके घालायचे. बाहेरून कुणाला कळणार नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज जरासा ताठ झाला. कारागीर तो कारागीरच.

"आणि घरी?"

"बायकोला काहीच माहीत नाही. ती म्हणते, सोफ्यात उंदीर झालेत. बसलं की कुरकुर आवाज येतो म्हणून."

मला हसू आलं ते मी खोकल्यात घातलं. मग कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, शेवटची नोटीस गेलेली आहे, मुदतही त्यातच आहे. पत्रावरचा क्रमांक असेल तर बोलू, नवी प्रत हवी तर दहा दिवस. दहा दिवसांत मशीन उचलून नेलं असतं, आणि मशीन गेलं की दुकानात उरणार काय, सुतळी आणि स्टूल.

"आज घरी गेलात की गादी उसवा," मी म्हटलं. "गुरुवारी सगळी पाकिटं घेऊन या."

"हो मॅडम," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की तेव्हाच समजायला हवं होतं.

गुरुवारी तो आला नाही. मी टेबलावर पेन आपटत बसले. "मुदत संपतेय आणि हा माणूस घरी लपून बसलाय."

"तू त्याला काय सांगितलंस ते ऐकलंस का?" जोडीदारीण म्हणाली. "बायको दिवसभर घरात असते. तिच्यासमोर गादी फाडून त्यातून नोटिसा काढ, असं सांगितलंस. मी असते तर मीही आले नसते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुझ्या मुदतीला घाबरले," ती म्हणाली. खरं बोलते, हा तिचा दोष आहे.

तिने त्याला फोन लावला. "उसवू नका. टाकाही काढू नका. गादी आहे तशी उचलून इकडे आणा. घरी विचारलं तर एवढंच सांगा, की दवाखान्यात न्यायची आहे, वाटेत सांगतो."

"गादी दवाखान्यात?" तो पलीकडून म्हणाला.

"हो. तिलाही तपासू."

शुक्रवारी आधी गादी आत आली, मग तो, मग त्याची बायको. उंच बाई, हातात घट्ट धरलेली पर्स.

"बसमध्ये सांगितलं यांनी," ती बसायच्या आधीच म्हणाली. "आम्ही दोघं उभे आणि गादी सीटवर बसलेली. तिचंही तिकीट काढायला लावलं कंडक्टरने."

सोफावाल्याने खिशातून छोटी कात्री काढली. एकेक टाका कापत त्याने शिवण उसवली. एकोणीस पाकिटं निघाली. मनाच्या बाईंनी त्याला एकेक उघडायला लावलं आणि प्रत्येकाआधी विचारलं, "दहापैकी किती धडधड?" पहिल्याला नऊ होती. सातव्याला पाच. अकराव्याला तो म्हणाला, "हे तर नुसतं विम्याचं आहे," आणि आकडा सांगायचा विसरला.

शेवटची नोटीस पंधराव्या पाकिटात निघाली. मुदत सोमवारपर्यंत. मी तिथूनच कंपनीला फोन करून क्रमांक सांगितला, त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, हप्ता निम्मा करून मुदत वाढवून मागितली. तासाभराने होकार आला. मशीन राहणार होतं.

पण नवव्या पाकिटात आणखी एक कागद होता आणि तो मला वाचून दाखवणं भाग होतं. मार्चमध्ये कंपनीने सगळं दंडव्याज माफ करायची तयारी दाखवली होती. दोन महिन्यांत उत्तर द्यायचं होतं. आता ते दंडव्याज भरावं लागणार होतं.

बायकोने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि वरची तारीख वाचली.

"मार्चमध्ये मी दाढेचं काम पुढे ढकललं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात धंदा मंद आहे. मी एका बाजूने चावत होते आणि यावर बसून टीव्ही बघत होते."

"अगं, मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते या बाईंना सांगा, त्यांचं काम आहे ते. मला एवढंच सांगा, आणखी कुठे काही शिवलंय?"

"नाही."

"खुर्चीत?"

"नाही गं."

"उशीत?"

तो जरा थांबला. "उशीत नाही," तो म्हणाला. "उशीचा विचार केला होता."

ती हसली नाही. मी मात्र पुन्हा खोकले.

पुढची वेळ मंगळवारची ठरली, दोघांची. तो रिकामी गादी मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवायला लागला.

"शिवू नका," बायको म्हणाली. "चेन लावा."

"घरच्या सोफ्याला चेन? बरी दिसत नाही ती."

"नाही दिसली बरी तरी चालेल. आणि माझ्या बाजूने उघडेल अशी लावा."

त्याने सुई खिशाला टोचून ठेवली आणि वीत टाकून गादीची कड मोजली. "दीड हात लागेल," तो म्हणाला.

"मग जाताना घेऊ," ती म्हणाली आणि गादीचं एक टोक तिने उचललं.