भावजींचं निदान

चौतीस वर्षं बाईंनी वाचनालयात लोकांना एकच वाक्य ऐकवलं होतं: "हळू बोला." आणि निवृत्त झाल्यावर गल्लीतली सगळ्यात बोंबलणारी गाडी त्यांचीच निघाली.

गाडी एकोणीस वर्षांची, इवलीशी. घराबाहेर पडता न येणाऱ्या म्हाताऱ्या वाचकांना बाई तिच्यातून पुस्तकं पोचवत. महिन्याभरापूर्वी तिला कंठ फुटला. आधी खरखर, मग घरघर, आणि आता तर चढावर अशी डरकाळी की कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दोनदा गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलला. बोलल्याबद्दल वाचनालयातून एकेकाळी हाकललेली माणसं आता खिडकीत उभी राहून ओठांवर बोट ठेवत आणि "शूऽऽ" करत. बाई वरवर हसत. आतून त्यांचा तिळपापड होई.

त्यात भावजी. म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान. उभा जन्म कचेरीत कागद इकडून तिकडे सरकवण्यात गेला, पण जगात असं काही नव्हतं जे त्यांना कळत नव्हतं.

"ताई, इंजिन गेलं," त्यांनी फोनवरच निकाल दिला.

"न बघताच?"

"बघायचंय काय त्यात? आवाजच सांगतो. इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली. शनिवारी येऊन मीच घेऊन जातो, पुतण्याला सुटे भाग होतील. आणि या वयात तुम्हाला गाडी हवी कशाला?"

शेवटचं वाक्य बाईंना मिरचीसारखं झोंबलं. "या ना शनिवारी," त्या मधाळ आवाजात म्हणाल्या. पुस्तकाची पानं फाडणाऱ्यांशी त्या याच आवाजात बोलत असत.

शुक्रवारी सकाळीच त्यांनी गाडी ठिणगीच्या गॅरेजात नेली. वेल्डिंग आणि जीभ, दोन्हींवरून त्या मुलीला हे नाव पडलं होतं. कॉलेजात असताना बाईंनी तिला तीनदा वाचनालयाबाहेर काढलं होतं.

"अगं, इंजिन गेलं म्हणतात. चढावर जास्त ओरडते, आणि परवापासून खालून काहीतरी..."

"बाई," ठिणगीने ओठांवर बोट ठेवलं, "हळू बोला. नाही, बोलूच नका. मला ऐकू द्या."

हे वाक्य तिने बारा वर्षं जपून ठेवलं असावं, इतक्या चवीने ती ते बोलली. बाई निमूट स्टुलावर बसल्या.

ठिणगीने इंजिन चालू करून बॉनेटवर कान दिला. "इंजिन तुमच्यासारखंच आहे. म्हातारं, पण ठणठणीत." मग तिने जाड फडक्याची घडी करून मागच्या धुराड्याच्या तोंडावर क्षणभर दाबून धरली. धुराला मागून वाट मिळेना, तेव्हा गाडीच्या पोटाखालून फुस्सऽऽ असा आवाज आला.

"सापडला चोर!"

गाडी वर उचलल्यावर बाईंनाही दिसलं. सायलेन्सरच्या अलीकडे दोन पाइप जुळतात, तिथे काजळीचा काळा पट्टा होता. पाइप टांगून धरणारं रबर तुटलं होतं. त्यामुळे पाइप लोंबला, सांध्यावर ताण आला, आतली रिंग जळून गेली आणि धूर तिथूनच आरडाओरडा करत बाहेर पडू लागला. गंजलेले बोल्ट काही केल्या हलेनात, तेव्हा ठिणगीने ते कापूनच काढले. नवी रिंग, नवे बोल्ट, नवं रबर. दीड तासात काम फत्ते. गाडी चालू केली तर झोपलेल्या मांजरासारखी नुसती घुरघुरली.

शनिवारी भावजी आले ते बोलतच. बाई गाडीत बसल्या होत्या, इंजिन चालू होतं. पण भावजींचे कान डरकाळीची वाट बघत होते आणि तोंड तर क्षणभरही बंद नव्हतं.

"काय, चालूच होत नाही ना? मी सांगितलं होतं!"

बाई खरं सांगणारच होत्या. पण जिभेवर कोण बसलं होतं कोणास ठाऊक. "जरा धक्का देता का, भावजी?"

भावजींनी बाह्या सरसावल्या, मागे गेले, पाय रोवले. "एक, दोन..." तिसऱ्या आकड्याला बाईंनी अलगद क्लच सोडला. गाडी लोण्यासारखी सरकली. मागे भावजी हात पुढे करून चार पावलं धावले. आरशात बाईंना दिसलं आणि उघड्या काचेतून ऐकूही आलं, की ते कमरेवर हात ठेवून न्हाव्याला सांगताहेत, "धक्का देण्याचं एक तंत्र असतं."

बाईंना इतकं हसू आलं की वळणावर त्यांना गाडी थांबवून डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, ह्यांनी म्हणे एका धक्क्यात तुझी गाडी चालू केली? वर आवाजही बंद केला? सकाळपासून दुसरा विषय नाही घरात!"

बाईंनी घसा साफ केला. "खरंच गं, हाताला गुण आहे त्यांच्या. असं कर, उद्या सकाळी त्यांना ठिणगीच्या गॅरेजात पाठव. तिच्या दारात तीन बंद गाड्या उभ्या आहेत. आणि एक ट्रक."