पडलेल्या सिनेमाचा पुलाव

"मी नाही येत. त्या पडेल सिनेमात काय बघायचंय?" तोलिबने टोपी पुन्हा खुंटीला अडकवली.

"नका येऊ. मी एकटी जाते," म्हणून मुयस्सर खरंच आरशासमोर उभी राहून डोक्याला रेशमी रुमाल बांधू लागली. एकटी जाते म्हटल्यावर तोलिबला टोपी घालणं भागच होतं.

मर्गिलानच्या रेशीम कारखान्यात माग चालवणारी मुयस्सर लग्नानंतर लगेचच एका सिनेमात दिसली होती. बुरखा झुगारून रंगमंचावर चढलेल्या पहिल्या बायकांची ती जुन्या काळची गोष्ट. दिग्दर्शकाने हिला कारखान्यातूनच उचललं. प्रसंग एवढाच, की नाटक संपतं, ती बुरखा सारून पुढे येते आणि हसते. समोर पहिल्याच रांगेत ताश्कंदचा देखणा नायक बसलेला. ते हसू पाहून तोलिबच्या पोटात जे दुखायला लागलं, ते जन्मभर थांबलं नाही. दिवसभर लोकांचे पंप दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी त्याच एका हसण्यावर कुढायचं, असा त्याचा संसार.

सिनेमा आठवडाभरात उतरला. तोलिबने अंगणात मोठी कढई चढवली आणि अख्ख्या मोहल्ल्याला पुलाव घातला.

"काय रे, लॉटरी लागली का?" शेजारच्या एर्गशकाकांनी विचारलं.

"उगाच, काका. मन झालं. घ्या, मांस घ्या अजून!"

मुयस्सर सगळ्यांना चहा देत होती. पुढे ताश्कंदच्या नाटक कंपनीचं तिला बोलावणं आलं, तेव्हा "पुरे झाली शोभा" म्हणून तोलिबनेच परस्पर नकार कळवला. तिने वाद घातला नाही.

आता नातवंडं झाली होती, आणि सांस्कृतिक भवनात दुपारी जुने सिनेमे दाखवायची कुणाला तरी हुक्की आली होती.

हॉलमध्ये या दोघांखेरीज दोन म्हाताऱ्या आणि एक घोरणारा रखवालदार. पडद्यावर तरुण मुयस्सर बुरखा सारून पुढे आली.

"हसली बघ त्याच्याकडे," तोलिब पुटपुटला.

"कुणाकडे?"

"नाव माझ्याच तोंडून हवंय? त्या नायकाकडे!"

मुयस्सर त्याच्याकडे बघतच राहिली. "त्या मेल्याच्या तोंडाला लसणाचा वास यायचा. अहो, शूटिंगला समोर सगळं गाव बसलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता इथून उतरूच नये."

तोलिबने टोपी काढून मांडीवर घेतली. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही पुलाव घातलात ना."

पडद्यावर खच्चून भरलेलं नाटकगृह टाळ्या वाजवत होतं. अंधारात मुयस्सरने उजवा हात छातीवर ठेवला आणि मान जराशी झुकवली.

तोलिबने टाळी वाजवायला हात उचलले. पण तोवर पडद्यावर दुसराच प्रसंग सुरू झाला होता.