गाळून उरलेलं

बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, आणि तिच्यात पाणीच की... पेज निवळल्यावर वर राहतं तसलं, किंचित पिवळट. गुणमाला तिच्याकडे इतका वेळ बघत राहिली, की या खुर्चीत आपण कशासाठी बसलोय हेच क्षणभर तिला आठवेना.

म्हशीनं मान झटकली आणि शिंग तोंडावर बसलं, त्याला आठ दिवस झाले होते. पुढचा दात पडला नाही, तुकडा उडाला आणि आतली नस सुजली. गरम लागलं की कळ थेट कपाळात. मिरजेच्या या दवाखान्यात डॉक्टर अर्फांनी तिला दोन वाटा सांगितल्या होत्या. एक म्हणजे नस काढून टाकायची, मग दात राहील, पण मेलेला. नाहीतर हे नवं औषध, अजून तपासणीत असलेलं, म्हणून आधी सहीचा कागद. कुपी बर्फातून काढली होती. तासाभरात वापरायची, नाहीतर फुकट.

कागद तिनं स्वतःच वाचायला घेतला. पंचावन्नाव्या वर्षी, जैन मंदिरामागच्या खोलीत, सुनेच्या वयाच्या बाईंपुढं बसून ती अक्षरं शिकली होती, आणि तेव्हापासून दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं तिला पुरत नसे. मू... ळ... पे... शी. बोट तिथंच अडलं. गेली चाळीस वर्षं तिनं जमिनीखालचं काही तोंडात घातलं नव्हतं.

"डॉक्टर, ह्यात कंदमूळ हाय व्हय?"

तिचा लेक सुकुमार दाराशी मोबाईल बघत उभा होता, तो फिस्सकन हसला. "आई, बटाट्याची भाजी न्हाई भरत तुझ्या दातात."

"तू गप रं."

अर्फा मात्र हसली नाही. "तसलं मूळ नव्हे, मावशी. जिच्यापासून बाकीच्या पेशी तयार होतात, ती मूळपेशी. कुणाच्यातरी काढलेल्या अक्कलदाढेतनं घेतल्यात. पण आपण त्या पेशी घालतच नाही. वाढताना त्या जे पाणी सोडतात तेवढंच घालायचं. त्यानं सूज उतरते, नस जगू शकते. जगेलच, असं नाही म्हणत मी."

"म्हंजे गाळून घेतलंय."

"व्हय, गाळून. एकही जिवंत पेशी राहत नाही त्यात."

गाळून... लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी सासूनं तिच्या हातात दुपदरी फडकं दिलं होतं. पाणी गाळायचं, मग फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं, आणि कापडाला लागलेले न दिसणारे जीव ज्यात उतरले ते पाणी, म्हणजे जिवाणी, बादलीत घेऊन त्याच विहिरीत सोडायची; बादली पार पाण्याला टेकेपर्यंत खाली न्यायची आणि हळूच कलती करायची, जरासुद्धा न आदळता. "आपल्याला पाणी पायजे," सासू म्हणायची, "त्यांचं घर न्हाई."

"मग गाळून जे राहिलं," गुणमालानं विचारलं, "ते कुठं सोडलं?"

अर्फाचा हातमोजा अर्धा चढवलेला तसाच राहिला. "प्रयोगशाळेत... बहुतेक टाकून देतात. खरं सांगू का मावशी, मला ठाऊक नाही. आजवर कुणी विचारलंच नाही."

"झालं!" सुकुमार म्हणाला. "आवं डॉक्टर, हिच्या नादी लागू नका. घरी तरी ही कुठं सोडती? विहीर बुजवून अकरा वर्सं झाली."

तो गमतीनं म्हणाला, आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेला.

अकरा वर्षं. विहीर बुजली तेव्हा आपण रडलोही होतो... आणि दुसऱ्याच सकाळी फडकं नळाला बांधलं होतं. पाणी गाळायचं, फडकं उलटायचं, वरून पाणी ओतायचं — कुठं? मोरीत. मोरीतून गटारात, गटारातून साबणाच्या फेसानं पांढऱ्या झालेल्या ओढ्यात. हात करत राहिले, तोंड णमोकार म्हणत राहिलं, आणि मी — मी कुठं होते? मला कुणी विचारलं असतं तर मी तरी काय सांगितलं असतं? हेच, की ठाऊक नाही, आजवर कुणी विचारलंच नाही. एवढ्यासाठी म्हातारपणी अक्षरं शिकले, कागद तपासायला, दुसऱ्याचे कागद...

तिला फार थकल्यासारखं वाटलं. आठ रात्रींच्या जागरणाचा हा शीण नव्हता. तो कधीपासून अंगात येऊन बसला होता कोण जाणे, आज फक्त तो कशाचा ते समजलं होतं.

"मी फोन लावते प्रयोगशाळेत," अर्फा म्हणाली. "विचारते. मग ठरवा तुम्ही."

"लावा."

"आई, तास संपंल गं!"

उत्तर काय येणार ते गुणमालाला माहीत होतं, आणि ते आल्यावर सही करायची की नाही हे मुळीच माहीत नव्हतं. पलीकडे घंटी वाजत होती. तिची जीभ दाताला लागली आणि कळ कपाळापर्यंत चढली. मग तिनं जीभ मुद्दाम, पुन्हा एकदा तिथंच टेकवली. जिवाणी मोरीत ओतताना अकरा वर्षांत एकदाही काही दुखलं नव्हतं.