मी डावीकडे ओढतो

मी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर बोलतोय. आवाज जरा दमलेला वाटला तर समजून घ्या. ज्याला जन्मभर लोकांनी अंगठ्यांनी दाबलं, त्याचा आवाज आणखी कसा येणार?

आधी एक खुलासा करतो. या घरात मला रिमोट म्हणतात. मी रिमोट नाही. रिमोट माझ्या शेजारी सोफ्याच्या फटीत पडलेला असतो. चॅनेल बदलणं आणि हवा असेल नेमका तेव्हा हरवणं, एवढंच त्याचं काम. मला अंगठ्यानं फिरवायच्या दोन स्टिक आहेत, डझनभर बटणं आहेत, हादरे देणाऱ्या दोन मोटरी आहेत. पण असो. म्हणा रिमोट. भांडायची उमेद आता राहिली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. अंगावर झाकण बसलं न बसलं तोच एका लोखंडी बोटानं माझं एकेक बटण शंभर शंभर वेळा दाबून पाहिलं. मग दोन्ही स्टिक गरागरा फिरवल्या. शेवटी पाठीवर ‘पास’ असं चिकटवलं. म्हणजे जग बघायच्या आधीच मी पुरता दमलो होतो, आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते या घरातल्या थोरल्यानं. त्याचं कॉलेज चालू होतं, निदान घरी तसं सांगितलं जायचं. माझ्यासाठी त्यानं चार्जिंगचा स्टँड आणला, स्टिकवर घालायला रबरी टोप्या आणल्या, माझ्यात खुपसायचा हेडफोन आणला. नव्या सुनेचे होतात तसे माझे लाड झाले. महिनाभरात टोप्या हरवल्या, स्टँडवर मोजे वाळू लागले आणि हेडफोनची वायर खुर्चीच्या चाकाखाली गेली.

थोरला जिंकला की तो हुशार असायचा, आणि हरला की मी खराब. “कंट्रोलरच बेकार आहे,” असं म्हणून त्यानं मला कितीदा गादीवर आपटलं, मी मोजायचं सोडून दिलं. तेव्हा मी ठणठणीत होतो. एक बटण चुकत नव्हतं. पण त्याच्या हाताचं खापर रोज माझ्यावर फुटायचं आणि मी ते मुकाट्यानं डोक्यावर घ्यायचो.

पाच वर्षं त्यानं माझी डावी स्टिक पुढे रेटली. चालायचं तर तीच, पळायचं तर तीच. आतले बारीक पट्टे झिजत गेले. मग एक दिवस असा आला की कोणी हात लावला नाही तरी मी कन्सोलला, म्हणजे गेम चालवणाऱ्या डब्याला, सांगू लागलो, ‘डावीकडे चल.’ मला तसं सांगायचं नव्हतं, पण माझ्या तोंडून ते निघायचंच. थोरल्याला कळलं. तो सवयीनं स्टिक थोडी उजवीकडे धरून खेळायला लागला. पुढे नोकरीसाठी दूर गेला, तिकडे नवा कन्सोल आणि नवा कंट्रोलर घेतला. जुना कन्सोल आणि मी मागे राहिलो. माझ्या दुखण्याबद्दल तो घरात कोणाशी एक शब्द बोलला नाही. टीव्हीखालच्या खणात वायरींच्या गुंत्यात मी तीन वर्षं पडून होतो. खरं सांगतो, मला तिथे बरं वाटायचं.

त्या तीन वर्षांच्या शेवटी थोरल्याच्या आईला अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र मागे राहिला. अंगठ्यात जोर येईना. आणि ही बाई शिवणकाम करणारी. तीस वर्षं हिनं शिलाई मशीनवर आयुष्य काढलेलं. उजवा हात तर कोणाचाही चालतो, पण कापड सुईखाली सरळ सरकवायला डावा हात लागतो. टीप सरळ येणं न येणं त्याच्यावर असतं. मशीन खिडकीपाशी झाकून ठेवलं होतं आणि आई त्या खिडकीकडे पाठ करून बसायची.

व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आईनं दोन दिवस दाबला आणि ठेवून दिला.

“हा काही बोलत नाही, चालत नाही. याला काय दाबत बसू?”

ते ऐकून धाकटीनं मला खणातून काढलं. धाकटी म्हणजे थोरल्याची बहीण, चष्म्याच्या दुकानात काम करते. तिनं मला फडक्यानं पुसलं आणि वायर लावली. माझा दिवा लुकलुकायला लागला.

“हा डोळे का मिचकावतोय?” आईनं विचारलं.

“शोधतोय तो, आई.”

“काय शोधतोय?”

“कन्सोल.”

“समोर तर आहे. घेऊन जा तुझ्या दुकानात, नंबर वाढलाय त्याचा.”

बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं. लुकलुकण्याचं कारण साधं होतं. वायर नुसती चार्जिंगची होती, तिच्यातून निरोप जात नाही. हे कळायला धाकटीला दोन संध्याकाळ लागल्या. त्या दोन संध्याकाळी तिनं मोबाईलवर किती लोकांचे किती प्रश्न वाचले. जगात माझ्यासारख्यांच्या पायी एवढ्या माणसांच्या नाकी नऊ आलेत, हे मलाही माहीत नव्हतं.

गेम एका बदकाचा होता. पाठीवर पिशवी घेऊन बदकानं डोंगर ओलांडायचा. आईनं त्याला पहिल्याच दिवशी ‘बदकराव’ करून टाकलं. वर ढकललं की बदकराव खाली बघायचे, डावीकडे वळवलं की उजवीकडे मान करायचे. धाकटीनं सेटिंगमध्ये जाऊन उलट्याचं सुलट केलं. शिवाय एक शिस्त लावली. “हातातून खाली ठेवायच्या आधी खेळ थांबवायचा. हे बटण. विसरायचं नाही.” आई कधी विसरली नाही. सुई ठेवताना दोरा अडकवून ठेवणारी बाई ती.

सगळं घोडं अडलं ते फाटकापाशी. फाटक बंद, आणि पडद्यावर लिहिलेलं, ‘एल-थ्री दाबा.’ माझ्या खांद्यावर एल-वन आहे, त्याच्या खाली एल-टू आहे, दोन्हीवर अक्षरं छापलेली आहेत. एल-थ्री कुठेच छापलेलं नाही. मला उलटं केलं, सुलटं केलं. धाकटीनं दुकानातलं भिंग आणून माझं अंग अंग तपासलं. शेवटी आईला माझ्या पाठीवर एक बारीक भोक दिसलं.

“हे बघ. इतकं बारीक भोक कशाला असेल? सुईसाठीच.”

आणि तिनं खरोखर सुई आणून आत टोचली. ते भोक माझी स्मरणशक्ती पुसायचं आहे. मी कन्सोलला विसरलो, पुन्हा डोळे मिचकावू लागलो, आणि दोघी मायलेकी कपाळाला हात लावून बसल्या.

एल-थ्री सापडलं ते चिडण्यातून. आईनं वैतागून उजव्या हाताचा अंगठा माझ्या डाव्या स्टिकवर दाबला. स्टिक आत गेली आणि आवाज आला, टिच. आईचा हात थांबला. तिनं पुन्हा दाबलं, कान जवळ नेऊन.

“अगं, हे टिच बटण आहे,” ती शांतपणे म्हणाली. “मी हजारोंनी लावलीत. वरून दिसत नाही, दाबलं की बसतं.”

एल-थ्री म्हणजे स्टिकच आत दाबायची, हे या घरात असं कळलं. त्या दिवसापासून एल-थ्री हा शब्द बंद झाला. “टिच कर,” असंच दोघी म्हणू लागल्या.

“पण उजव्यानं नाही, आई. डाव्यानं.”

डाव्यानं टिच व्हायला अकरा दिवस लागले. रोज दुपारी आई मला मांडीवर घेऊन बसायची. अंगठा स्टिकवर ठेवायची, श्वास रोखायची, दाबायची. स्टिक अर्धी जायची आणि परत यायची. मी मदत करू शकत नव्हतो. अकराव्या दिवशी आवाज आला, फाटक उघडलं, आणि आईनं मला छातीशी धरलं. मला इतक्या हातांनी धरलंय, पण असं कोणी धरलं नव्हतं. मला खरे डोळे असते तर भरून आले असते.

फाटकाच्या पलीकडे पूल होता. अरुंद, एका फळीचा.

इथून माझी लाज सुरू होते. मोकळ्या रानात बदकराव जरा डावीकडे कलायचे, पण बदकाची चालच ती, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. पुलावर मात्र कलायला जागा नव्हती. आई स्टिक सरळ पुढे धरायची, मी आतून डावीकडे ओढायचो, आणि बदकराव पाण्यात.

“बदक असून पाण्यात मरतं. कसलं हे बदक,” आई पहिल्या दिवशी म्हणाली आणि हसली. दुसऱ्या दिवशी ती हसली नाही. आठवड्यानंतर ती नुसती स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसायला लागली.

धाकटीनं एकदा उभ्याउभ्या मला घेतलं आणि झपकन पूल ओलांडून दाखवला. तरण्या अंगठ्याला माझी ओढ कळलीही नाही, त्यानं ती आपोआप सावरून घेतली.

“होतंय की आई. हे बघ.”

तिनं धीर द्यायला म्हटलं, पण आईच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे वस्तू चांगली आहे, हातच गेला आहे, असं तिनं धरलं. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, हात तुझा नाही, खोड माझी आहे. पण मला हादरण्यापलीकडे काही येत नाही. बदकराव पाण्यात पडताना मी हादरायचो. तिला वाटायचं, हरल्याचा हादरा.

एका दुपारी जेवताना आई म्हणाली, “जो हात एका बदकाला सरळ नेत नाही, तो कापड काय नेणार? मशीन देऊन टाकू. पडून गंजण्यापेक्षा कोणाच्या कामी येईल.”

धाकटीनं वाद घातला. आईनं ऐकलं नाही. शिवणक्लास चालवणाऱ्या एक बाई होत्या, आईच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांना फोन गेला. रविवारी सकाळी गाडी घेऊन येते, म्हणाल्या.

रविवारी आई सकाळपासून मला घेऊन बसली होती. कशाला, कोण जाणे. खिडकीकडे बघायला लागू नये म्हणून असेल. बदकराव पुलाच्या तोंडाशी उभे होते. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. आई दचकली, मला सोफ्यावर टाकलं आणि उठली. पहिल्यांदाच ती खेळ थांबवायला विसरली.

क्लासच्या बाई आत आल्या. दोघी मशीनपाशी गेल्या. आईनं कव्हर काढलं, पदरानं चाक पुसलं आणि बोलायला लागली. तेल कुठे घालायचं, पट्टा कधी ताणायचा. मुलगी सासरी पाठवताना बोलावं तसं भरभर बोलत होती. क्लासच्या बाईंचं लक्ष मात्र टीव्हीकडे गेलं.

“बाई, तुमचं बदक कुठं चाललंय?”

आई वळली. मी सोफ्यावर एकटा पडलो होतो. हाताभर अंतरावर कोणी नव्हतं. आणि बदकराव आपले डुलत डुलत डावीकडे चालले होते. काठावर आले, पाण्यात पडले. पुन्हा पुलाच्या तोंडाशी उभे राहिले, पुन्हा डावीकडे निघाले.

आईनं हे तीनदा बघितलं. मग स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघितले.

“माझे हात तर इथं आहेत,” ती म्हणाली.

आई मशीनसमोर खुर्ची ओढून बसली. धाकटी स्वयंपाकघरातून ओल्या हातानं धावत आली, तिला आईनं चिंधी आणायला सांगितली. सुईत दोरा क्लासच्या बाईंनी ओवला. मशीन चालू झालं, हळू, थांबत थांबत. वीतभर टीप पडली. आईनं ती उजेडात धरली.

“वाकडी आहे.”

“आहे,” क्लासच्या बाई म्हणाल्या.

“पण एकदा इकडं गेली, एकदा तिकडं. नुसती डावीकडे नाही गेली.”

“बाई, पहिल्या महिन्यात माझी टीप याहून वाकडी होती. तुम्ही मला सगळी उसवायला लावली होती.”

“मग मीही उसवते,” आई म्हणाली आणि तिथेच उसवायला बसली. क्लासच्या बाई खाली जाऊन गाडी रिकामी परत पाठवून आल्या.

संध्याकाळी थोरल्याला फोन लागला. “हो, तो डावीकडे ओढतो. माझं सांगायचं राहून गेलं,” तो म्हणाला.

“तुझं सांगायचं राहिलं आणि इथं माझं मशीन घरातून चाललं होतं,” आई म्हणाली. रागावून नाही, नुसतं सांगितलं.

आईचा हात पुरता बरा झालाय, असं मी म्हणणार नाही. अंगठा अजून दुपारपर्यंत थकतो. फार तर निम्मा दोष हाताचा होता, निम्मा माझा. पण तिनं सगळाच आपल्या पदरात घेतला होता. ज्याच्या हातून चुका झाल्या त्या थोरल्यानं मला आपटलं, आणि जिचा दोष फार तर निम्मा होता तिनं स्वतःला. माणसं अशी का असतात, मला कळत नाही.

थोरल्यानं नवा कंट्रोलर पाठवलाय. आई त्याच्यावर रोज अर्धा तास बदकराव चालवते आणि मग मशीनवर बसते. धाकटीनं चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरनं मला उघडून बघितलं, आतले पट्टे मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून भावाला दाखवले. दुरुस्त होईल, नवी स्टिक मिळते, असं तो म्हणाला. आई म्हणाली, “राहू दे. दमलाय तो.” इतक्या वर्षांत हे ओळखणारी ती पहिलीच.

आता निरोप घेतो. तुमच्या घरात कोणाच्या हातून एकच चूक रोज होत असेल, तर त्याला बोलायच्या आधी, आणि तो तुम्ही स्वतः असलात तरीही, एवढं करा. हातातली वस्तू क्षणभर खाली ठेवा, आणि ती एकटी काय करते ते बघा.

मला आता खाली ठेवलं आहे. बरं वाटतंय.