परस्पर दिलेली कात्री

आमचा थोरला घरात शिरतो तो कानाला फोन लावूनच. पायांत बूट तसेच. आईकडे बघून नुसती मान हलवायची, जशी फाटकावरच्या रखवालदाराला हलवतात, आणि तिकडे बोलणं चालूच, "हो सर, करून टाकतो सर, झालंच समजा सर." पाणी पुढे केलं तरी सर, खुर्ची पुढे केली तरी सर. एकदा मी म्हणाले, "अरे, एकदा चुकून आई पण म्हण." तर हात वर करून मलाच गप्प केलं. मला! ज्याला बोलायला मी शिकवलं, तो मला गप्प करतो.

तरी हे सगळं मी पोटात घातलं असतं. पोरगा वर चढतोय याचा मला राग नाही, तसं कुणी समजू नये. कपड्यांच्या कारखान्यात तो गठ्ठे उचलायला लागला होता, तिथं मॅनेजर झाला. झाला तेव्हा जिन्यात भेटेल त्याला थांबवून मी सांगितलं. खालच्या मजल्यावरची बाई माझी चाहूल लागली की दार लावून घ्यायची, इतकं सांगितलं. पण यावेळी त्यानं जे केलं, ते कुणाला सांगायलाही मला लाज वाटली.

त्याच कारखान्यात माझी धाकटी आहे. घरात तिला ठकी म्हणतात. ती सॅम्पल शिवते. म्हणजे नवा कपडा निघाला की त्याचा पहिला नग ती शिवणार, आणि तो समोर ठेवून बाकीच्या बायका तसे ढिगांनी शिवणार. कॉलर मनासारखी बसली नाही तर ही उसवते आणि गुणगुणत पुन्हा लावते. सुटी झाली की घरी येते, पाय पसरून बसते, माझी नक्कल करून मला चिडवते आणि गाढ झोपते. सुपरवायझर होतेस का म्हणून तिला मागेच विचारलं होतं. ती नको म्हणाली. मी म्हणाले, "अगं, होऊन तर बघ." तर म्हणते, "आई, तू शेजाऱ्यांचं भांडण मिटवायला जातेस आणि चौघांना भांडायला लावून येतेस. माझंही तसंच होईल. मला बायकांच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं नाही." मी हसले आणि विषय सोडला.

तिथल्या शिवणाऱ्या बायकांची एक रीत आहे. जिची तिची कात्री असते, दुसरीनं हात लावायचा नाही. जी वरच्या जागेवर जाते किंवा काम सोडते, ती सगळ्यांसमोर आपली कात्री एखाद्या नव्या मुलीच्या हातात देते. टाळ्या वाजतात. कात्री गेली की जागा गेली, मशीन त्या मुलीचं झालं. मग परत मागायची नाही आणि तिनं होऊन आणून दिली तरी घ्यायची नाही. घ्यायचीच तर ज्या हातानं दिली त्याच हातानं, पुन्हा सगळ्यांसमोर. तसं अजून कुणी केलेलं नाही. एवढं हसं कोण करून घेईल?

ठकी तापानं घरी पडली होती. तेवढ्यात या शहाण्यानं तिचा खण उघडला, कात्री काढली, बायकांना गोळा केलं आणि म्हणाला, "माझी बहीण आता तुमची सुपरवायझर. तिच्या वतीनं मी देतो." दिली एका पोरीला. आयजीच्या जिवावर बायजी उदार! पहिली टाळीही म्हणे यानंच वाजवली.

ताप उतरला, ठकी कामावर गेली, तर तिच्या मशीनवर दुसरीच मुलगी. ज्यांच्याबरोबर ती डबा खायची त्या बायका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बसा मॅडम." ती नवी पोरगी रडवेली होऊन कात्री पुढे करत होती, पण ठकीला घेता येईना. ती तशीच घरी आली. त्या दिवशी माझी नक्कल केली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक शब्द बाहेर पडला.

रविवारी सकाळी साहेब हजर. हातात केकचा खोका, मागे सूनबाई.

"अभिनंदन मॅडम!"

ठकीनं खोक्याकडे बघितलंही नाही. "दादा, मला माझी जागा हवी."

"जागेचं काय घेऊन बसलीस वेडे! केबिन मिळेल तुला. काचेची."

"मग काचा पुसायला ये तू रोज," मी म्हणाले.

"आई, तू मध्ये पडू नकोस. हिला काही महत्त्वाकांक्षाच नाही. जन्मभर कॉलरीच लावत बसणार ही?"

"लावीन की," ठकी म्हणाली. "तुझ्या गळ्याला का टोचतायत?"

"अहो, सांगून टाका ना त्यांना," सूनबाई बोलून गेली, "ही सुपरवायझरची जागा वन्संनी घेतली नाही तर तुमची बढती अडते म्हणून."

आमच्या सुनेचं तोंड म्हणजे जुना नळ. कितीही घट्ट बंद करा, गळतो. त्या दिवशी मात्र गळला ते बरं झालं. घोडं कुठं पेंड खात होतं ते कळलं.

त्यानं बायकोकडे डोळे वटारले, पण आता लपवायला काही उरलं नव्हतं. "हो, अडते. जास्त माल काढून देतो असा शब्द दिलाय मी सरांना. बायका माझं ऐकत नाहीत, हिचं ऐकतील. काय चुकलं? घरच्यांनी हात दिल्याशिवाय कोण मोठं झालंय?"

"हात मागतात दादा," ठकी म्हणाली. "तू खण उघडलास. त्या बायकांना मी हाकायचं आणि वर तू जायचं."

"बरं, चुकलं! पण आता कात्री परत घेतली तर माझी काय किंमत राहील तिथं? हसतील सगळ्या. सर काय म्हणतील?"

तोपर्यंत मी बसले होते. आता उठले. केकचा खोका उचलून सुनेच्या हातात दिला आणि त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"ऐक. मोठं व्हायचंय ना तुला, हो. मी कधी आडवी आले नाही, येणार नाही. पण हिला मागे पडलेली समजू नकोस. हिला जिथं जायचं होतं तिथं ही जाऊन बसली होती, तिथून तू हिला उठवलंस. उद्या सकाळी तशाच सगळ्या बायका गोळा कर. तोंडानं सांग, जे माझं नव्हतं ते मी दिलं. त्याच हातानं त्या पोरीकडून कात्री मागून घे आणि हिच्या हातात ठेव. हसल्या तर हसू देत, मरत नाही कुणी हसण्यानं. आणि हे जमत नसेल तर जगाला तू खुशाल मॅनेजर राहा. माझ्यासाठी तू बहिणीच्या खणातला चोर. आता ऊठ."